समक्ष, म. वि. शेवडे

शेवडेसाहेबांच्या घरी चहा मिळण्यापूर्वी तीन सह्या कराव्या लागतात.

हे मी अलंकारिक अर्थाने सांगत नाही. कॅनडातल्या स्कारबरोतील आमच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर ते राहतात. दार उघडते, आपण बूट काढतो, कोट अडकवतो, आणि सोफ्यावर टेकताच समोर पोस्टकार्डाएवढे एक पांढरे कार्ड येते. वरच्या बाजूला आपले नाव वळणदार अक्षरात लिहिलेले असते आणि त्याखाली पट्टीने आखलेल्या तीन रेघा असतात. शेजारी निळे बॉलपेन. "नेहमी करता तशीच करा. घाई नको, कलाकुसर नको," असे सांगून शेवडेसाहेब हाताची घडी घालून समोर बसतात. आपण सह्या करतो. ते भिंग काढून तिन्ही सह्या एकमेकींशी ताडून पाहतात, कोपऱ्यात तारीख घालतात, 'समक्ष' असा शेरा लिहितात आणि त्याखाली स्वतःची लहान सही करतात. त्यानंतर कार्ड बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जाते आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून साहेब सांगतात, "झालं गं. टाक आधण."

कार्डाची मुदत एक वर्ष. दिवाळीला नवे. गेल्या वर्षी सही दिली होती अशी तक्रार कोणी केली, की त्यांचे उत्तर ठरलेले असते: "गेल्या वर्षीची सही गेल्या वर्षीच्या माणसाची."

एकदा नळ दुरुस्त करायला इमारतीचा माणूस आला होता. त्याने पावती समजून तिन्ही सह्या केल्या आणि आपली प्रत मागितली. "नो कॉपी. फॉर अवर रेकॉर्ड ओन्ली," साहेबांनी सांगितले. तो इतका गोंधळला, की पाना तिथेच विसरून गेला आणि पाना न्यायला पुन्हा आला तेव्हा दाराबाहेरच उभा राहिला.

"माझ्या माहेरच्यांनी येणं सोडलं, बाई," शेवडेवहिनी मला सांगतात. "माझा सख्खा भाऊ देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, सरेहून, विमानानं आला, तर यांनी त्याला आधी कार्ड दिलं. मी संसार केला तो बँकेतल्या गिऱ्हाइकासारखा, काउंटरच्या अलीकडूनच."

या इमारतीत मला सगळे 'बाई' म्हणतात, कारण मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली आणि ते माझ्या चालण्याबोलण्यातून अजून गेलेले नाही. तेव्हा जुन्या सवयीला धरून, पुढे जाण्यापूर्वी एक व्याख्या स्पष्ट करते. संगणकापूर्वीच्या काळात बँकेत खाते उघडताना ग्राहकाकडून एका कार्डावर सह्या घेत. तिला नमुना सही म्हणत. पुढे त्या खात्याचा चेक आला, की एक अधिकारी चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाही. जुळली तर पैसे. नाही तर चेक परत, आणि सोबत एक छापील चिठ्ठी: सही जुळत नाही. मिरजेकडच्या एका बँकेत मनोहर विष्णू शेवडे यांनी, बदल्या झाल्या तरी, सारी नोकरी याच टेबलावर काढली. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ते ओळख देत नसत, पण त्याने नाव सांगताच म्हणत, "हां, तुम्ही! तुमच्या 'प'चं पोट फुटलेलं असतं."

असा हा मनुष्य निवृत्तीनंतर मुलाकडे कॅनडात आला, आणि मुलाने, म्हणजे निखिलने, मोठ्या हौसेने वडिलांना बेसबॉलचा सामना दाखवायला नेले. खेळ साहेबांना समजला नाही, आजही समजत नाही. त्यांनी पाहिले ते एवढेच, की सामन्यापूर्वी खेळाडू कठड्यापाशी येतात, लोक पांढरे चेंडू पुढे करतात, आणि खेळाडू शेजाऱ्याशी बोलत बोलत, चेंडूकडे न बघता सह्या करतात.

"न बघता, बाई!" त्यांनी मला हे सांगितले तेव्हा घटना दोन वर्षे जुनी होती, पण संताप ताजा होता. "उद्या ही सही कोणी नाकारली तर? कोणाला विचारणार? साक्षीदार कोण?"

साक्षीदार आपण व्हायचे, असे त्यांनी त्याच दिवशी ठरवले. पुढच्या सामन्याला ते दोन चेंडू, निळे बॉलपेन आणि कार्डे घेऊन कठड्याशी उभे राहिले. "सर, वन ऑन द बॉल, थ्री ऑन द कार्ड. सेम लाइक पासपोर्ट." खेळाडू हसले, पण पांढऱ्या मिशांचा, गळ्यात मफलर घातलेला आणि टोपीऐवजी कानटोपी चढवलेला असा चाहता त्यांनीही पूर्वी पाहिला नसावा. सह्या मिळाल्या. आणि साहेबांनी तिथल्या तिथे, कठड्यावर चेंडू टेकवून, खेळाडूच्या सहीखाली स्वच्छ देवनागरीत लिहिले: 'समक्ष, म. वि. शेवडे', आणि खाली तारीख.

प्रसिद्ध खेळाडूंच्या वाटेला ते फारसे जात नाहीत. तिथे रांग असते. ज्याच्यापुढे कोणीच उभे नाही, जो बाकावर एकटाच सूर्यफुलाच्या बिया चावतो आहे, त्याच्याकडे साहेब जातात. आज त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असे साठ-सत्तर चेंडू आहेत, आणि त्यातल्या निम्म्या खेळाडूंची नावे निखिललाही ठाऊक नाहीत. कपाटाला पडदा आहे, कारण उन्हाने शाई उडते. चेंडूवर लाल दोऱ्याच्या टाक्यांच्या एकशे आठ जोड्या असतात, हे साहेबांनी मोजून पाहिले, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "एकशे आठच हाताळायचे होते, तर घरात जपमाळ होती की."

आता या वस्तूंना बाजार आहे, ही गोष्ट साहेबांच्या गावीही नव्हती. ती निखिलने सांगितली. सही केलेल्या चेंडूंना मागणी असते, किंमत येते. बाबांनी नकळत ठेव जमवली आहे, असे त्याला वाटले. हायवेलगतच्या एका हॉलमध्ये अशा वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. निखिलने गाडी काढली. साहेबांनी सहा चेंडू पायमोज्यांत गुंडाळले. आणि घरात कंटाळले होते म्हणून मीही निघाले.

तेथील एका टेबलामागे रॉन नावाचे गृहस्थ होते. या व्यापारात केस पिकवलेला, सभ्य, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी आम्हांला जे समजावले ते इतके पद्धतशीर होते, की त्यांनी शिक्षक व्हायला हवे होते असे मला वाटले. चेंडूवर जिथे दोन शिवणी सर्वांत जवळ येतात, ती अरुंद पट्टी सहीची मानाची जागा. तिला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. तिथे निळ्या बॉलपेनने केलेली एकच सही असली, तर किंमत चांगली. 'अमुकला सप्रेम' असे कोणाचे नाव घातले, की उतरली, कारण दुसऱ्याचे नाव कोणाला हवे? आणि मुख्य म्हणजे प्रमाणपत्र. एखादी नावाजलेली कंपनी सही तपासते, आपल्याकडच्या नमुन्यांशी जुळवते आणि चमकणारे एक लेबल चिकटवते. लेबल नसेल, तर चेंडू म्हणजे नुसते कातडे. शिवाय खेळाडू वारला, की भाव चढतो.

इथे साहेबांनी प्रथम तोंड उघडले. "आमच्याकडे माणूस गेला, की खातं गोठवतात. आणि तुमच्याकडे गेल्यावर सुरू होतं?"

रॉन हसले. त्यांनी पहिला चेंडू मोज्यातून काढला आणि त्यांचा चेहरा उजळला. मानाच्या जागी, निळ्या शाईत, तीन हंगामांपूर्वी बाकावर बियाच चघळत बसलेल्या आणि आता घरोघरी माहीत झालेल्या एका फलंदाजाची स्पष्ट सही होती. मग त्यांनी चेंडू जरासा फिरवला.

"हे काय लिहिलं आहे?"

"माय अटेस्टेशन," साहेब अभिमानाने म्हणाले.

रॉनने दुसरा काढला. तिसरा काढला. सहाही चेंडूंवर 'समक्ष, म. वि. शेवडे'. त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला. हे नसते, तर या एका चेंडूला उत्तम गिऱ्हाईक होते, असे त्यांनी मृदूपणे सांगितले. आणि अशी शाई हलक्या हाताने काढून देणारे लोकही असतात, असे सुचवले.

निखिलचा चेहरा आशेने खुलला. "बाबा, इट्स अ सिंपल थिंग. खालची लाइन रिमूव्ह करायची, बस."

"साक्षीदार पुसायचा?" साहेब म्हणाले. शेजारच्या दोन टेबलांवरची माणसे वळून पाहू लागली. "निखिल, हा गृहस्थ त्या दिवशी तिथे नव्हता. लेबल लावणारी कंपनी तिथे नव्हती. मी होतो. आय वॉज प्रेझेंट, सर! जो हजर होता त्याचं नाव पुसायचं, आणि जो गैरहजर होता त्याचं लेबल लावायचं, हा कुठला हिशेब?"

"डोन्ट शाउट, बाबा."

"मी ओरडत नाही. मी नोंद करतो आहे."

सहा चेंडू पुन्हा पायमोज्यांत गेले. परतीच्या वाटेवर निखिलने नजर रस्त्यावरून हलवली नाही. साहेब मात्र खिडकीतून बाहेर पाहत, मधूनमधून, एखाद्याने श्लोक घोकावा तसे पुटपुटत होते: "आय वॉज प्रेझेंट."

त्या दिवसापर्यंत मी या सगळ्याला बँकेतली मुरलेली सवय समजत होते. जिथे आकृती पूर्ण दिसत नाही, तिथे निष्कर्ष काढू नये, असे मी मुलांना बजावत आले. स्वतः मात्र तेच केले होते.

आमच्या इमारतीपासून चार बस-थांब्यांवर वृद्धांचे एक शुश्रूषागृह आहे. तिथे दर गुरुवारी मी आणि वहिनी जातो, रहिवाशांबरोबर पत्ते खेळतो. तिथे वॉल्टर नावाचे एक गृहस्थ राहतात. वय शहाऐंशी, खांदे अजून रुंद, आणि कंपवाताने दोन्ही हात सतत थरथरणारे. तरुणपणी ते डाव्या हाताने चेंडू फेकणारे नामांकित गोलंदाज होते. बेसबॉलमध्ये त्याला निराळा शब्द आहे; पण आपल्या वाचकाला गोलंदाज म्हटले की पुरते. हे समजल्यापासून गुरुवारी आमच्याबरोबर साहेबही येऊ लागले. त्या दोघांचे संभाषण कोणत्या भाषेत होई, हे मला कधीच नीट कळले नाही. वॉल्टर जुन्या सामन्यांविषयी सांगत. साहेब त्यांना कोणत्या तालुक्यातला माणूस कशी सही करतो ते सांगत. दोघेही एकमेकांवर प्रसन्न असत. साहेबांनी त्यांच्याकडे सही मात्र कधी मागितली नाही. कॅनडात त्यांच्या परिचयाचा, डब्यात कार्ड नसलेला हा एकच मनुष्य. मला ते खटकले होते. पण विचारले नाही.

मग ऑक्टोबर आला. शुश्रूषागृहाला चाकाच्या खुर्च्या चढतील अशी गाडी घ्यायची होती, आणि त्यासाठी थँक्सगिव्हिंगच्या (हा सण इथे ऑक्टोबरातच येतो) नंतरच्या शनिवारी तिथल्या सभागृहात वस्तूंचा लिलाव ठरला. कोणी विणलेली गोधडी दिली, कोणी लोणच्याच्या बरण्या. वॉल्टर म्हणाले, "मी चेंडू देतो. सही करून."

ती सही होताना मी पाहिली आहे. खिडकीपाशी टेबल घेतले. साहेबांनी चेंडू दोन्ही हातांनी धरला, जसे लहान मुलाचे डोके न्हाऊ घालताना धरतात. वॉल्टरने पेन उचलले. पहिल्या अक्षराला तीन प्रयत्न लागले. रेघ वर जाताना दातेरी झाली, खाली येताना शिवणीवर आदळली. कपातला चहा पार निवला तेव्हा नाव पुरे झाले. वॉल्टर घामाने भिजले होते आणि एखादा सामना जिंकल्यासारखे हसत होते. "बऱ्याच वर्षांत केली नव्हती," ते म्हणाले. "मुलगी फॉर्मवर माझ्याऐवजी करते."

साहेबांनी खाली 'समक्ष' लिहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन.

लिलावाच्या दिवशी वस्तूंची किंमत ठरवायला जाणकार म्हणून आले ते रॉनच. त्यांनी आम्हांला ओळखले आणि कसनुसे हसले. ते स्वतःच्या संग्रहातला एक जुना चेंडूही घेऊन आले होते, वॉल्टरच्याच सहीचा, ऐन उमेदीतला, लोकांना पाहायला. काचेच्या चौकोनी पेटीत ठेवलेला, चमकत्या लेबलाचा. त्यावरची सही म्हणजे एका दमात मारलेली उसळती, तिरकी रेघ. रॉनने दोन्ही चेंडू शेजारी शेजारी धरले. सभागृहात खुर्च्या मांडणे चालले होते. वॉल्टर दोन हातांवर होते.

"मला हा सही केलेला म्हणून यादीत घालता येणार नाही," रॉन व्यवस्थापिका बाईंना हळू आवाजात म्हणाले. पण म्हाताऱ्या माणसांचे कान नको तिथे तिखट असतात. "जुळत नाही. कोणतीही कंपनी याला प्रमाणपत्र देणार नाही."

वॉल्टरच्या चेहऱ्यावरचे हसू एकदम गेले नाही. ते थोडे थोडे गेले. त्यांनी आपले दोन्ही हात उचलून मांडीवरच्या शालीखाली घातले.

रॉन वाईट मनुष्य नव्हते, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. त्यांनीच उपाय काढला. खिशातून एक कोरा चेंडू काढून त्यांनी वॉल्टरसमोरच्या टेबलावर ठेवला. "सर, पुन्हा एकदा कराल? सावकाश. या जुन्यासारखी जमते का बघा."

वॉल्टरने शालीखालून हात काढला आणि पेनाकडे नेला.

त्या कोऱ्या चेंडूवर साहेबांचा तळहात पडला. इतक्या जोराने, की टेबलावरचे पाणी हिंदकळले.

"नो, सर."

"मिस्टर शेवडे, मी फक्त..."

"नोबडी विल टेक हिज एक्झॅम. ही हॅज साइन्ड. वन टाइम. आय वॉज प्रेझेंट."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," रॉन म्हणाले. "पण नमुना म्हणजे नमुना. तो बदलता येत नाही."

आणि इथे शेवडेसाहेब हसले. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांना असे हसताना मी पाहिले नव्हते. एखाद्याने चुकीचे प्रमेय मांडावे आणि ते खोडायचा अधिकार नेमका आपल्याकडे असावा, तसे ते हसणे होते.

"येतो, सर. बँकेत त्याची प्रोसिजर आहे. फ्रेश स्पेसिमेन. नवा नमुना."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढले. वरती वॉल्टरचे पूर्ण नाव लिहिलेले होते. शाई ताजी नव्हती. किती महिने ते खिशात घेऊन हिंडत होते, देव जाणे. ते वॉल्टरच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. त्यांच्या गुडघ्याचा आवाज मला तीन पावलांवर ऐकू आला.

"वॉल्टर, नो एक्झॅम. ॲज यू लाइक. ॲज यू आर टुडे. टुडेज सिग्नेचर इज द सिग्नेचर."

तीन सह्यांना किती वेळ लागला ते मी मोजले नाही. खुर्च्या मांडणारे थांबले. दोन परिचारिका दारातच थांबल्या. तिन्ही सह्या वेड्यावाकड्या होत्या; पण साहेबांनी भिंग लावले आणि मला जवळ बोलावून दाखवले, की पहिल्या अक्षराचे टोक तिन्हींत एकाच जागी वळते, आणि शेवटची रेघ तिन्हींत खाली न पडता वर उडते. चेंडूवरच्या सहीतही तसेच. ते खरे होते. भूमितीची शिक्षिका म्हणून सांगते आहे: ते तंतोतंत खरे होते.

साहेबांनी 'समक्ष' लिहिले. मग कार्ड माझ्यासमोर धरले. "बाई, दुसरा साक्षीदार."

मी सही केली. माझ्या नावातील वेलांटी जरा हलली. ते कोणाच्या लक्षात आले नसावे, असे मला वाटले.

मग साहेब उठले, रॉनच्या काचेच्या पेटीतल्या त्या चमकत्या लेबलाच्या चेंडूवर भिंग धरून वाकले, बराच वेळ पाहिले, हातातल्या नव्या कार्डाशी ताडले, आणि मान हलवून गंभीरपणे म्हणाले, "सॉरी, सर. डझ नॉट मॅच. तुमचा हा चेंडू खोटा दिसतो. परत करावा लागेल."

आणि मग वॉल्टर हसले. आधी खांदे, मग पोट, मग संपूर्ण खुर्ची. हातांचा कंप आणि हसण्याचा कंप यांत त्या वेळी काही फरक उरला नव्हता. रॉनसुद्धा हसले. त्यांनी यादी पुढे ओढून स्वतःच्या हाताने लिहिले: 'वॉल्टर यांनी या वर्षी सही केलेला चेंडू, कार्डासह, दोन साक्षीदार.'

बोली फार चढली नाही. गोष्ट रचली असती, तर चढवली असती. पण तसे घडले नाही. रॉनच्या जुन्या चेंडूला जी किंमत येते, तिच्या आसपासही ती पोहोचली नाही. शुश्रूषागृहात कपडे धुणाऱ्या रोझा नावाच्या बाईंनी तो घेतला आणि कोपराने गर्दी सारत थेट वॉल्टरकडे नेऊन दाखवला, जणू त्यांनी तो यापूर्वी पाहिलाच नव्हता.

परतताना बस बराच वेळ आली नाही. थांब्याच्या काचेच्या आडोशात आम्ही तिघे उभे होतो. वहिनी वाऱ्याकडे पाठ करून होत्या. साहेबांनी आपण होऊन बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

"माझे वडील दस्तलेखक होते, बाई. कचेरीबाहेर बसायचे. तालुक्यातल्या निम्म्या खरेदीखतांवर त्यांचं अक्षर. खाली सही अशी, की कोरल्यासारखी. लोक म्हणायचे, विष्णुपंतांची सही बघूनच दस्त खरा वाटतो. पुढे हात थरथरायला लागला. वॉल्टरसारखाच. एक दिवस माझ्या काउंटरला आले. स्लिपवर माझ्यासमोर सही केली. मी नमुना काढला आणि ताडून पाहिली."

वहिनी वळल्या नाहीत. त्यांना हे माहीत होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होते.

"पुन्हा करायला सांगितली. त्यांनी केली. मग तिसऱ्यांदा. मागे रांग होती. सगळे ओळखीचे. मी म्हणालो, जुळत नाही. स्वतःच्या बापाला, बाई! मी समोर होतो. त्यांचा हात, त्यांचं पेन, सगळं डोळ्यांनी पाहत होतो. तरी म्हणालो, जुळत नाही." त्यांनी गळ्यातला मफलर सारखा केला. "त्यांनी वाद घातला नाही. डावा अंगठा पुढे केला. शाईचा पॅड मी सरकवला."

"पण नवीन नमुना घेता आला असता ना?" मी विचारले, आणि विचारल्याक्षणी शब्द परत घ्यावेसे वाटले.

"नियम मला पाठ होता. कार्डं ड्रॉवरमध्ये होती, उजव्या हाताला. पण सगळ्यांसमोर बापासाठी नियम शोधतोय असं दिसलं असतं." बस लांबवर दिसू लागली होती. "घरी जाऊन आईला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, मनू शिस्तीचा आहे. कौतुकानं म्हणाले. त्यानंतर त्यांनी कुठेच सही केली नाही. मला बदलीच्या गावी पत्र यायचं, ते दुसऱ्याच्या अक्षरात. खाली अंगठा."

बस आली. साहेबांनी आधी आम्हां दोघींना चढवले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दिवाळी. मी त्यांच्याकडे जाणे जरा टाळतच होते. फळ्यावर हाताने सरळ रेघ मारणारी म्हणून माझी ख्याती होती. त्या वर्षी मात्र माझ्या नावातील वेलांटी हलू लागली होती, आणि बँकेत माझी सही चालते तोवर ती कोणाला दाखवू नये, असे मी ठरवले होते. शेवटी वहिनींनीच फोन केला: "चकल्या मऊ पडतील, बाई. या आता."

कोट अडकवला. सोफ्यावर बसले. साहेब माझे कार्ड आखत होते. पट्टी सरकली, म्हणून ती धरायला मी पुढे झाले, आणि उघड्या डब्यातले सगळ्यांत पुढचे कार्ड मला दिसले. कडा पिवळ्या पडलेल्या. वरती सुवाच्य अक्षरात: विष्णू गोविंद शेवडे. खाली पट्टीने आखलेल्या तीन रेघा. तिन्ही कोऱ्या.

मी पट्टी धरून ठेवली. त्यांनी डबा झाकला नाही. कार्ड माझ्यापुढे सरकवून ते हाताची घडी घालून बसले.

"आजच्यासारखी करा," ते म्हणाले. "जुन्यासारखी नको."

मी पेन टेकवले. वेलांटी हलली. दुसऱ्या सहीत जास्त हलली. तिसरी करून मी कार्ड त्यांच्याकडे दिले आणि भिंगाची वाट पाहत बसले. शेवडेसाहेबांनी भिंगाला हात लावला नाही. त्यांनी तारीख घातली, 'समक्ष' लिहिले, ठसठशीत, नेहमीच्या दुप्पट मोठ्या अक्षरात, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितले, "झालं गं. टाक आधण."